दुःखाचा पंचनामा

मनातील क्लेश, अपराधभावना, मत्सर किंवा वर्षानुवर्षे सलणारी एखादी गोष्ट कागदावर, रंगांत, मातीत अथवा सुरांत उतरवावी आणि आपल्या मनाची शुश्रूषा आपणच करावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळांना होते. तिला उत्तेजन देणारी पुस्तके आणि वर्गही निघाले आहेत. परंतु प्रत्यक्ष कामाला बसलेल्या माणसापुढे पहिली अडचण कोणती उभी राहते, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. ती अडचण हात तयार नसण्याची नसते. माणूस मोठ्या निश्चयाने वही उघडतो आणि त्याच्या लेखणीतून दुसऱ्याच कोणाचे तरी वाक्य बाहेर पडते. वडील वारलेले असतात, आणि कागदावर 'पितृछत्र हरपले' हे शब्द येतात. संसार मोडलेला असतो, आणि चित्रात मावळता सूर्य व त्यापुढे एक निष्पर्ण वृक्ष उमटतो. शोकसभांची, भावगीतांची आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांची ही भाषा आपल्या इतकी हाताशी असते की खऱ्या दुःखाला तोंड उघडण्याची संधी मिळण्यापूर्वीच ती त्याच्या वतीने बोलून मोकळी होते. लिहिणाऱ्यालाही क्षणभर समाधान वाटते, चार ओळी बऱ्या जमल्या असेही वाटते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मूळचा सल होता तेथेच असतो.

या तयार भाषेचे मूळ शोधू गेल्यास असे दिसते की आपण एकांतात लिहीत असलो, तरी कोणीतरी खांद्यावरून वाचत आहे असे मनाने गृहीत धरलेले असते. तो काल्पनिक वाचक कधी आपल्याला शहाणे म्हणणारा असतो, कधी आपली कीव करणारा, तर कधी ज्याच्याशी आपली तक्रार आहे तोच असतो. आणि त्याच्यासमोर आपली बाजू नीट दिसावी म्हणून आपण नकळत कैफियत लिहू लागतो. तेव्हा पहिली व्यवस्था करावयाची ती त्याला घराबाहेर काढण्याची. ही वही, हे चित्र, ही मातीची आकृती कोणालाही दाखवायची नाही, असा ठराव सुरुवातीलाच आणि स्पष्ट शब्दांत करावा. वाटल्यास पहिल्या पानावर लिहून ठेवावा. 'आवडले तर पुढे पाहू' अशी पळवाट ठेवली, की तो वाचक त्या वाटेनेच परत येतो. लिहिलेले त्याच संध्याकाळी फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकणाऱ्यांविषयी मला रोष नाही. मात्र ते जे करतात ते निराळे काम आहे. त्याला सांत्वन मिळवणे म्हणता येईल. सांत्वनाचीही माणसाला गरज असते, पण त्याचा मजकूर निराळा असतो.

असा एकांत आणि अशी मुभा आपल्याकडे एके काळी अगदी सामान्य घरांतील स्त्रियांनी मिळवलेली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पहाटे, उजाडण्यापूर्वी, घर निजलेले असताना जात्याच्या घरघरीत ज्या ओव्या गाइल्या गेल्या, त्यांची रचना करणाऱ्यांना कवी म्हणवून घ्यायचे नव्हते. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेरची ओढ आणि भावाचे कौतुक आहे, तसाच सासरचा जाच आहे, नवऱ्याचा मार आहे, मूल गेल्याचा आकांत आहे आणि बाईच्या जन्माविषयीचा उघड संतापही आहे. दिवसा चारचौघांत जे बोलण्याची प्राज्ञा नव्हती, ते पहाटे जात्यापाशी बोलता येत असे, कारण ऐकणारे कोण, तर जाते आणि फार तर खुंट्याला समोरून हात लावणारी जाऊ किंवा शेजारीण, जिची कथा बहुधा तीच असे. हातांना एक संथ, श्रमाचे, पुनःपुन्हा तेच ते करावयाचे काम दिलेले असे, म्हणून मन मोकळे सुटे. आणि ओवीचा साचा आईकडून आयताच आलेला असल्यामुळे 'कसे सांगू' या प्रश्नात बाई अडकून पडत नसे.

पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि जाती माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली आणावीत असे सांगण्याचा माझा हेतू नाही. दळणाचे कष्ट ज्यांनी सोसले त्यांना विचारल्यास त्या गिरणीलाच दुवा देतील. परंतु त्या व्यवस्थेतील दोन गोष्टी आजही उचलण्याजोग्या आहेत. एक म्हणजे रचनेचे बंधन. अमर्याद कोऱ्या कागदापुढे घाबरणाऱ्या माणसाने दोनच ओळींची, किंवा रोज एकाच आकाराच्या पानाची, किंवा एकाच रंगाची मर्यादा घालून घ्यावी. मर्यादा आली की शोभेच्या गोष्टींना जागा उरत नाही. दुसरी गोष्ट मुखवट्याची. ओव्यांतून सीतेच्या वनवासाविषयी बाया जे गातात त्यातले पुष्कळसे त्यांचे स्वतःचे असते. सीतेचे नाव घेतले की नवऱ्याविषयी बोलताही येते आणि बोलल्याचा आळही येत नाही. ज्यांना 'मी' हा शब्द लिहिताना हात थरथरतो, त्यांनी 'तो' किंवा 'ती' लिहावे, एखाद्या पौराणिक पात्राच्या तोंडी आपली तक्रार घालावी. यात अप्रामाणिकपणा यत्किंचितही नाही.

आता प्रत्यक्ष कामाची रीत. गारपीट झाली, घर जळले किंवा कोठे अपघात घडला, म्हणजे तलाठी अथवा पोलीस येऊन जो पंचनामा करतात, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना माहीत असेल की त्यात शोक व्यक्त करण्याची सोय नसते. जागेची चतुःसीमा, वेळ, कोणती वस्तू कोठे व कोणत्या स्थितीत मिळाली, दार कोणत्या बाजूने बंद होते, हजर कोण होते, एवढेच त्यात येते. आणि तरीही एखादा जुना पंचनामा वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या दुःखाचा आरंभी असाच पंचनामा करावा. विशेषणे पूर्ण वर्ज्य करावीत, उपमा टाळाव्यात, निष्कर्ष काढू नयेत. समजा, एका गृहस्थाचे वडील रुग्णालयात वारले आणि शेवटच्या रात्री हा गृहस्थ त्यांच्याजवळ नव्हता. तो लिहावयास बसला, की पहिल्या झटक्यात येते ते असे: 'मी करंटा, अंतकाळी वडिलांची सेवा माझ्या नशिबी नव्हती.' हे वाक्य ऐकणाऱ्याने 'असे मनाला लावून घेऊ नका' म्हणावे यासाठीच रचलेले आहे. तेच त्याने पंचनाम्याच्या रीतीने लिहिले तर काय होईल पाहा. 'रात्री साडेनऊ. खिडकीकडची खाट. स्टुलावर मोसंबीच्या साली, त्या मी टाकायच्या होत्या. शेजारच्या खाटेवरचा मुलगा मोबाईलवर क्रिकेट बघत होता. बाबा म्हणाले, जा तू, उद्या ऑफिस आहे. मी एकदाही नको म्हटले नाही. खाली येऊन रिक्षात बसलो आणि मला बरे वाटले.'

या सगळ्यात कामाचे वाक्य शेवटचे आहे, आणि ते त्या गृहस्थाने ठरवून लिहिलेले नाही. साली, क्रिकेट, रिक्षा अशा क्षुल्लक तपशिलांच्या मागोमाग चालत गेल्यामुळे तो तेथे पोहोचला. 'मी करंटा' या वाटेने तो जन्मभर चालला असता, तरी रिक्षात बसल्यावर आपल्याला सुटल्यासारखे झाले, ही गोष्ट त्याला सापडली नसती. आणि त्याला जे छळत होते ते वडिलांच्या मृत्यूपेक्षा ती सुटकेची भावना होती. सुटकेची भावना हा अपराध आहे की पंधरा दिवस रुग्णालयात जागून थकलेल्या माणसाचा स्वाभाविक धर्म आहे, याचा निवाडा पुढचा. परंतु गोष्ट दप्तरी दाखल झाल्यावाचून निवाडा व्हावयाचा कसा? ज्या वाक्याशी हात अडखळतो, जे खोडावेसे वाटते, ज्यानंतर उठून पाणी प्यावेसे वाटते, ते बहुधा योग्य वाक्य असते. तेथे थांबावे आणि त्याच्या मागे-पुढे काय घडले ते आणखी बारकाईने लिहावे.

नुसता पंचनामा मात्र पुरत नाही, आणि याला प्रयोगाचाही आधार आहे. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी 46 विद्यार्थ्यांना लागोपाठ चार रात्री पंधरा-पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले. काहींनी आयुष्यातील आघाताच्या केवळ घटना, काहींनी केवळ भावना, आणि काहींनी घटना व भावना दोन्ही. या शेवटच्या गटातील विद्यार्थ्यांना पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. त्याचबरोबर, लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले, हेही नोंदलेले आहे, आणि नवशिक्याने ते आधीच जाणून असणे हिताचे. नाहीतर पहिल्याच दिवशी 'हे आपल्याला मानवत नाही' म्हणून वही बंद होते. पुढील संशोधनात असेही आढळले की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळते', 'म्हणून' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. तेव्हा पहिल्या दिवशी घटना, नंतर त्या घटनेच्या वेळी आत काय झाले ते, आणि मग ते तसे का झाले असावे, असा क्रम ठेवावा. या उपायाची अवास्तव महती गाण्याचेही कारण नाही. 2006 साली अशा 146 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम अनुकूल पण लहानच निघाला. ज्या उपायाला एक वही आणि दिवसाचा पाव तास लागतो, त्याच्याकडून याहून मोठी अपेक्षा करणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

लेखणी ज्यांच्या हाताला सवयीची नाही त्यांनी लिहिलेच पाहिजे असे मुळीच नाही. 'मला चित्र काढता येत नाही' ही सबब तर येथे गैरलागू आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी कवितेच्या हस्तलिखितातील खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता चित्रविचित्र आकृत्या काढण्यास सुरुवात केली ती साठी उलटल्यावर, चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसताना, आणि 1930 साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याला प्रदर्शन भरवायचे नसल्यामुळे आपले काम त्याहून सोपे. कोळशाचा तुकडा आणि वर्तमानपत्राचा रद्दी कागद घेऊन ज्या खोलीत ती गोष्ट घडली त्या खोलीचा नुसता आराखडा काढावा: पलंग कोठे, दार कोठे, कोण कोठे उभे होते. स्वतःला त्या आराखड्यात कोठे दाखवावे हे ठरवताना हात थबकला, तर ते थबकणेच लक्षपूर्वक पाहावे. आणि ज्या घरात आईची लुगडी, सासूचे पातळ, गेलेल्या माणसाचा सदरा फेकवतही नाही आणि ठेववतही नाही अशा स्थितीत कपाटात पडून असतो, तेथे गोधडी शिवणे हा आपल्या मुलखातला जुना आणि सिद्ध मार्ग आहे. कोणते वस्त्र वर घ्यावे, कोणते आत दडवावे, फाटलेल्या जागी ठिगळ लावावे की ती फाट तशीच दिसू द्यावी, हे निर्णय धावदोरा घालता घालता एकेक करून घ्यावे लागतात, आणि त्या निर्णयांना कोणाच्याही शब्दांची गरज पडत नाही. मात्र सुबक नमुना पुस्तकातून उतरवून घेऊ नये. तसे केले की पुन्हा दुसऱ्याचेच वाक्य आपल्या तोंडी येते.

घाई करू नये, हे सांगताना मला जर्मन शिल्पकर्ती कॅथे कोलविट्झ यांची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता; सैन्यात दाखल होण्यास त्याला वडिलांची परवानगी हवी होती आणि वडील राजी नव्हते. मुलाच्या वतीने आईने रदबदली केली, परवानगी मिळाली, आणि ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर पीटर मारला गेला. त्याच्या स्मारकाचा विचार त्या बाईंनी त्याच वर्षी सुरू केला. आरंभीच्या कल्पनेत मुलाचा देह मध्ये पसरलेला, उशाशी बाप आणि पायथ्याशी आई अशी रचना होती. वर्षे गेली, ते काम जमेना. 1919 साली त्यांनी ते बाजूस ठेवले, पुढे पुन्हा हाती घेतले, आणि अखेर 1932 साली ज्या दोन मूर्ती बेल्जियममधील सैनिकांच्या दफनभूमीत उभ्या राहिल्या, त्यांत मुलगा नाही. केवळ आईबाप आहेत, दोघेही गुडघे टेकलेले, एकमेकांपासून अंतरावर; बापाने स्वतःलाच दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरले आहे आणि आई पुढे वाकलेली आहे. त्यांचे चेहरे कॅथे आणि त्यांचे पती कार्ल यांच्याशी मिळतेजुळते आहेत.

त्या मूर्तींकडे पाहताना मला असे वाटते की पहिल्या रचनेतील वीरमरण पावलेला मुलगा ही त्या काळाने हाती दिलेली तयार प्रतिमा होती. ती बाजूस सारून 'माझ्या रदबदलीने तो गेला' या गोष्टीसमोर गुडघे टेकायला एका थोर कलावतीलाही अठरा वर्षे लागली. आपण सामान्य माणसे. आपले एखादे चित्र चार महिन्यांत पुरे झाले नाही, किंवा पाच वेळा मांडूनही खोटे वाटले, तर त्यात खचून जाण्यासारखे काही नाही. खोटे वाटलेला प्रत्येक मसुदा तारीख घालून ठेवावा. त्यांतून कोणती गोष्ट प्रत्येक वेळी वगळली गेली आहे हे पुढे आपोआप उघड होते.

सचोटी म्हणजे रडगाणे, असाही एक समज या बाबतीत दिसून येतो, त्याचा निरास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या 1934 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आत्मकथेने फार पूर्वीच केला आहे. 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली, आणि त्या काळातील विटंबना काही थोडीथोडकी नव्हती. तथापि ती सांगताना बाई स्वतःच्या सोवळ्याच्या कल्पनांची, भाबडेपणाची आणि हट्टाचीही मनसोक्त थट्टा करतात. ज्या लिखाणात सगळे दोष दुसऱ्याच्या खात्यावर आणि सगळी सहनशीलता आपल्या खात्यावर मांडलेली असते, तो ताळेबंद पुन्हा तपासावा. आपण कोठे कद्रूपणा केला, कोठे लबाडी केली, कोठे अगदी नको त्या क्षणी हसू आले, तेही त्यात आले म्हणजे मजकुराला खरेपणाचा वास येऊ लागतो.

यापुढचे सांगणे थोडे गंभीर आहे. दुःख मांडणे आणि दुःख उगाळणे यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याची साधी खूण अशी की उगाळताना वाक्ये बदलत नाहीत. चार-पाच दिवस त्याच घटनेवर तीच वाक्ये त्याच क्रमाने येऊ लागली, नवा तपशील एकही निघेना, तर त्या विषयाची वही काही आठवडे बंद ठेवावी आणि हाताला निराळे काम द्यावे. आघात अगदी ताजा असताना, झोप उडालेली असताना, प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा पुनःपुन्हा उभा राहत असताना हा प्रयोग एकट्याने मुळीच करू नये. जगू नये असे विचार मनात येत असतील, तर कलेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीतून बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. कलेने वैद्याची जागा घ्यावी असे म्हणणारे लोक कलेचेही नुकसान करतात.

राहता राहिला प्रश्न, या कागदांचे पुढे काय करावयाचे. त्यांत जिवंत माणसांविषयी अशा गोष्टी असणार की ज्या त्यांनी वाचल्या तर घरात निष्कारण वितुष्ट येईल. आणि लिहिताना आपण त्या माणसाची बाजू ऐकून घेतलेली नाही, हेही विसरून चालणार नाही. तेव्हा वही कुलपात ठेवावी, किंवा काम झाल्यावर बेलाशक फाडून टाकावी; लाभ लिहिण्यात होता, तो कागदाबरोबर जात नाही. ठेवलीच तर निदान सहा महिने उघडू नये. त्यानंतर वाचताना एखादे पान परके वाटले, दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखे वाटले, तर ते विश्वासातील एखाद्या माणसाला वाचून दाखवण्यास हरकत नाही. वाचताना अजूनही कंठ दाटून येत असेल, तर त्या पानाची मुदत भरलेली नाही असे समजून ते पुन्हा आत ठेवावे. घरोघरी एकत्र राहण्याची रीत असल्यामुळे एकांताची मागणी करणेच पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना, अवघड जाते. दार लोटून पाव तास बसले, की 'काय लिहितेस गं एवढं?' असा प्रश्न बाहेरून आल्यावाचून राहत नाही. त्यावर सविस्तर खुलासा करण्याच्या भरीस पडू नये. वाणसामानाचा हिशेब लिहिते आहे, एवढे सांगावे. हिशेबाची वही मागून पाहण्याचा उत्साह आपल्याकडे सहसा कोणी दाखवत नाही.